बुडबुडे थांबले की घरी

३ ऑक्टोबर १९९५, मंगळवार. दसरा

आलो एकदाचे! परळची चाळ सुटली, नेरूळचा फ्लॅट आला. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी. बाल्कनीत दोघं उभे राहिले तर एकाने पोट आत घ्यावं लागतं. आमच्याकडे पोट नावाची वस्तूच नाही, तेव्हा ती काळजी मिटली. अरुणा म्हणते, तुम्ही नुसते उभे राहिलात तरी लोकांना वाटेल, कपडे वाळत घालायची काठी टेकवून ठेवलीय.

ही डायरी जानेवारीत ऑफिसात फुकट मिळाली होती, कोरीच पडून होती. आज सामान सोडताना सापडली. म्हटलं, नवं घर, नवी सवय. बघू किती दिवस टिकते.

दाराला तोरण लागलं. अरुणाने उंबरठ्यावर हळदीकुंकू वाहिलं, कुलदेवतेला नवस फेडायचं कबूल केलं आणि गणपतीलाही काहीतरी बोलली. मी म्हटलं, अगं, सगळ्या देवांना एकदम कामाला लावू नकोस, आपापसात भांडतील. तिने असा काही चेहरा केला की गप्प बसलो. निखिलचं वेगळंच. घरात स्वतःचा संडास ही गोष्ट त्याला इतकी थोर वाटतेय की तो नुसता फ्लश ओढायला आत जातो.

संध्याकाळी बाल्कनीतून खाडी दिसली. तिवरं, चिखल, आणि पलीकडे करावे गावच्या होड्या. वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास आला. अरुणा साताऱ्याची, तिने पदर नाकाला लावला. मी कोकणातला, मला भूक लागली. लिफ्ट अजून सुरू नाही, गोदरेजचं कपाट खाली पार्किंगमध्येच उभं आहे. रविवारी माणसं बोलावून चढवायचं. ऑफिस बेलापूरला, म्हणजे घराशेजारीच. आयुष्यात आता टेन्शन म्हणून उरलं नाही. खरंच, खूप बरं वाटतंय.

१० ऑक्टोबर, मंगळवार

च्यायला, डायरीचं दुसरंच पान हॉस्पिटलातून लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

रविवारी कपाट चढवलं. हमाल होते, पण मीही मर्दासारखा एक कोपरा धरला. दुसऱ्या मजल्यावर छातीत डाव्या बाजूला टचकन काहीतरी टोचलं. वाटलं, उसण भरली. बाम चोळला. त्या रात्री गच्चीवर सोसायटीची कोजागिरी होती. दुधाचा ग्लास हातात घेऊन मी शेजाऱ्यांना एक किस्सा सांगत होतो आणि किस्सा काही पुरा होईना. एका दमात दोन शब्द, मग तेही नाहीत. अरुणा म्हणाली, अहो, तुमचे ओठ असे काय दिसताहेत. मग कुणाच्या तरी मारुती व्हॅनमधून इथे. दुकानांच्या वर पहिल्या मजल्यावरचं छोटंसं नर्सिंग होम आहे.

डॉक्टर कारखानीस वयस्क, बोलायला गोड. कलिंगड घेताना ठोकतात तशी त्यांनी माझी छाती ठोकली. डावीकडे पोकळ वाजली. एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. काळं दिसतंय ती सगळी बाहेर सुटलेली हवा, आणि हा कोपऱ्यात गोळा झालाय ते तुमचं फुफ्फुस. उंच, काटकुळ्या माणसांच्या फुफ्फुसावर कधीकधी बारीकसा फोड असतो, तो आपोआप फुटतो, म्हणाले. कपाटाचा दोष नाही. अरुणाला हे पटलेलं नाही. तिच्या मते कपाटाचाच दोष, आणि कपाट माझ्या आईचं.

मग नळी घातली. मला जागेपणीच. डावा हात डोक्यावर घ्यायला लावला, काखेखालची जागा तपकिरी औषधाने पुसली, सुई टोचून बधिर केलं. पुढे बरगड्यांमध्ये छोटा काप, त्यात चिमटा, आणि चिमट्यामागे डॉक्टरांचं बोट. हो, चक्क बोट! दुखत नव्हतं, पण कुणीतरी आपल्या आत दार शोधतंय हे कळत होतं. नुसता जोर, जोर, आणि एकदम फस्स्. सायकलच्या ट्यूबची पिन काढल्यावर येतो तसा आवाज. तिथून बोटाएवढी जाड नळी आत सरकवली, टाके घालून चामडीला बांधली, वर पट्टी. नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या काचेच्या बाटलीत, पाण्यात बुडवलेलं.

बाटली बुडबुड बुडबुड करायला लागली आणि मला श्वास आला. साधा, पुरा श्वास. मी रडलो. लिहायला लाज कसली.

११ ऑक्टोबर, बुधवार

बाटलीशी ओळख झाली. छातीत अडकलेली हवा नळीतून येते, पाण्यात बुडबुडे होऊन निघून जाते. पाण्यामुळे ती उलटी आत शिरत नाही. कुणाची अक्कल असेल ती असो, दंडवत!

तिचे नियम आहेत. बाटली कायम छातीच्या खाली, जमिनीवर. झाडू मारायलासुद्धा वर उचलायची नाही, नाहीतर पाणी छातीत. नळीवर झोपायचं नाही, पीळ पडू द्यायचा नाही. मी श्वास घेतला की बाटलीच्या काचनळीत पाणी वर चढतं, सोडला की उतरतं. हे वर-खाली म्हणजे नळी मोकळी असल्याची खूण. बुडबुडे येताहेत तोवर फुफ्फुसाचं भोक उघडं. डॉक्टर म्हणाले, बुडबुडे थांबले आणि पाणी हलत राहिलं तर मी पेढे मागेन. पण दोन्ही एकदम थांबलं तर मला हाक मारायची, तेव्हाच्या तेव्हा. नळी बंद आणि भोक उघडं असलं की हवा आत कोंडत जाते, दुसऱ्या फुफ्फुसाला दाबते, मग हृदयाला. हे त्यांनी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं.

सिस्टर अस्मिता तरुण आहे, चिपळूणची, म्हणजे आमच्याच मुलखातली. बाटलीतलं पाणी बदलते, पट्टी बघते, आणि मला निखिलचे फुगे फुगवायला लावते. खोकायलाही लावते. खोकलं की बरगडीत सुरी फिरते, पण बुडबुडे कसे भरभरून येतात!

बघायला येईल त्याला मी बाटली समजावून सांगतो. ऑफिसातले आले, सोसायटीतले आले, सगळ्यांना एकच, बुडबुडे थांबले की घरी. वर-खालीचं पुढचं काही सांगत बसत नाही. अरुणालाही नाही सांगितलं. ती आधीच अर्धी झालीय, कशाला आणखी घाबरवा. अरुणाच्या इथे ओळखीही झाल्या. जिन्यात बसणाऱ्या बायकांशी तिच्या गप्पा असतात, कुणाचा पेशंट कसा आहे ते तिला सिस्टरच्या आधी कळतं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी इथे सगळं निजतं. भेटायची वेळ संपलेली, सिस्टर टेबलावर डोकं टेकून, खाली दुकानांची शटर ओढलेली. ऑक्टोबरची हीट, पंखा गरम वारा फेकतोय. मला झोप येत नाही, मी बाटली बघत पडतो.

आज डोळे उघडले तर पायथ्याच्या स्टुलावर एक कोळीण बसलेली. नेसलेलं लुगडं घट्ट, हातभर हिरवा चुडा, मांडीवर मासळीची रिकामी पाटी. माझ्याकडे नाही, बाटलीकडे बघत होती. मला वाटलं, शेजारच्या खोलीतल्या कुणाची तरी आई. नाव विचारलं तर धोंडूबाई, करावे गावची. कोण आहे इथे तुमचं, तर म्हणाली, पोरगा. माझ्याकडे बघून असंही म्हणाली की जानू पन असाच लंबा हाय.

तिने विचारलं, हे बुडबुडे का येतात. मी काय, आयतं गिऱ्हाईक सापडलेला! फुफ्फुस, भोक, हवा, सगळं सांगितलं. ती ऐकतच होती. शेवटी म्हणाली, "बुडबुडं बंद झालं का घरा जाशील ना रं?" म्हटलं, अगदी बरोबर, बुडबुडे थांबले की घरी. तिने ते दोनतीनदा स्वतःशीच म्हटलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मलाही बरं वाटलं. आई आठवली.

मग माझा डोळा लागला. उठलो तेव्हा ती गेली होती. स्टुलाखाली पाणी साचलं होतं, मावशीने फरशी पुसून तशीच ओली ठेवली असणार. खोलीत खाडीचा वास येत होता. म्हटलं तर छान वास.

१५ ऑक्टोबर, रविवार

धाप अजून पुरती बसलेली नाही, अक्षर समजून घ्यावं.

दुपारी जाग आली ती दम लागल्यामुळे. आधी वाटलं, स्वप्नात धावत होतो. पण बाटली गप्प होती. बुडबुडे नाहीत. मला आनंदच झाला, आणि मग दिसलं की काचनळीतलं पाणीही हलत नाहीये. मी श्वास घेतोय आणि पाणी आपलं जागच्या जागी. छाती आतून ताणत चाललेली, गळ्याच्या शिरा टरारलेल्या, आवाज फुटेना. बेल दाबली. दाबूनच ठेवली.

अस्मिता धावत आली. बाटली बघितली, नळी चाचपत वर गेली, पट्टी फाडली आणि थबकली. मग कात्रीने काहीतरी कचकन कापलं. बुडबुड्यांचा लोंढा आला. मी वाचलो.

तिच्या हातात हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा होता. मासळीची जाळी विणतात तो. पट्टीच्या आत नळीला तीन वेढे देऊन, करकचून गाठ मारलेला. तिने विचारलं, दुपारी इथे कोण आलं होतं. मी म्हटलं, कुणी नाही, परवा ती धोंडूबाई येऊन बसली होती तेवढीच. हे ऐकून अस्मिता भिंतीला टेकली आणि रडायलाच लागली. मला काही समजेना. एवढी धीट मुलगी!

१६ ऑक्टोबर, सोमवार

आज सकाळी पट्टी बदलताना अस्मिताने सांगितलं. कुणाला सांगू नका म्हणाली. मी फक्त इथे लिहितोय.

जानू ह्याच खाटेवर होता. श्रावणात होडी रंगवताना घसरून पडला, बरगडी मोडून फुफ्फुसात घुसली. हीच नळी, अशीच बाटली. आई रात्रंदिवस पायथ्याशी बसून. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, होड्या दर्यात जाणार, आणि तिचा एकुलता एक पोरगा इथे. येईल-जाईल त्याला विचारायची, घरी कधी. एकदा अस्मिताने घाईघाईत सांगून टाकलं, बुडबुडे थांबले की घरी. पुढचं सांगायला वेळ नव्हता.

एका दुपारी धोंडूबाईने बुडबुडे थांबवले. जाळ्याचा दोरा, जाळ्याची गाठ. ओढली की आणखी आवळते ती. वर पट्टी नीट बसवली, म्हणजे दिसायला नको. तिला वाटत होतं, पोराचा जीवच थेंबाथेंबाने बाटलीत चाललाय, तो तिने अडवला. बुडबुडे बंद झालेले बघून खुशीत घरी गेली, पोराचे कपडे आणायला. ती पाटीत कपडे घेऊन परत आली तोवर जानू गेलेला होता.

तिला ते पटलंच नाही. कितीतरी दिवस खाली जिन्यात पाटी घेऊन बसायची, जानूला न्यायचंय म्हणायची. मग एक दिवस आली नाही. करावेच्या जेट्टीजवळ तिवरांत सापडली.

मी म्हटलं, अहो, पण ती शुक्रवारी माझ्याशी बोलली. अस्मिता नळी दोनदा तपासून गेली.

आणि मीही धोंडूबाईला तेच सांगितलंय. शब्दन् शब्द तेच.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरांना आडून आडून सांगून बघितलं. ते हसले. शरीराला हवा कमी पडली की मन खेळ करतं, म्हणाले. दोरा पट्टीच्या सामानातला असेल. झोपेची गोळी वाढवली. दुसऱ्या हॉस्पिटलात जातो म्हटलं तर म्हणाले, बाटलीसकट टॅक्सीत बसणार का? आणि फुफ्फुस भरतंय छान, आता कशाला हलायचं.

अरुणाला सांगितलेलं नाही. दिवसभर धावपळ करते, निखिलची सहामाही आहे, रात्री रडते हे डोळ्यांवरून कळतं. तिला भुताच्या गोष्टी सांगू? ती देवदेव करणारी, हबकून जाईल. नकोच ते. खोली गरम होते एवढंच कारण सांगितलं आणि तिच्याकरवी पुढची खोली मागून घेतली.

१८ ऑक्टोबर, बुधवार

खोली बदलली. पेशंटला उतरवायला नको, नळी ओढली जाईल, म्हणून चाकांवरची खाट जशीच्या तशी ढकलत आणली. हलवताना अस्मिताने दोन चिमट्यांनी नळी क्षणभर बंद केली. मी ओरडलो. तिलाही घाम फुटला.

खिडकीतून रस्ता दिसतो, आकाशकंदील लागलेत. बरं वाटलं. मग खाटेचा लोखंडी गज हाताला लागला आणि लक्षात आलं, खाट तीच आहे.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

कुणी आलं नाही. मी दुपारी झोपत नाही, नळी मुठीत धरून पडतो. बुडबुडे कमी झालेत, खोकलं तरच येतात. पाणी हलतंय. डॉक्टर म्हणाले, दिवाळीत सोडतो बहुतेक.

हसू आलं, पण ते मला आवडलं नाही. आशा वाटली की भीती जास्त वाटते.

स्टूल मी बाहेर ठेवायला लावलं होतं. संध्याकाळी ते आत होतं. खाली फरशी ओली.

२२ ऑक्टोबर, रविवार

अस्मिता रात्रीच्या गाडीने चिपळूणला चालली, दिवाळीला. जाताना नळी बघितली. पट्टीवर हात ठेवून उभी राहिली. नव्या सिस्टरला सगळं सांगितलंय म्हणाली. सगळं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

परवा सकाळी ग्रहण. सगळीकडे तेच बोलणं, टीव्हीवर, जिन्यात. अरुणाने डोकं खाल्लं, ग्रहणाच्या आत घरी यायला हवं, आजारी माणसाने ग्रहण परक्या खाटेवर काढू नये. मी म्हटलं, हे तुला कुणी सांगितलं. सांगतात लोक, म्हणाली. इथल्या एका गावदेवीला नवस बोललीय, देवी अगदी हाकेला धावते म्हणे. मी नेहमीसारखी थट्टा केली, अगं, ओव्हरटाइम मागतील देव. ती हसली नाही. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, थांबतील हो बुडबुडे.

सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलंही होतं.

२३ ऑक्टोबर, सोमवार. लक्ष्मीपूजन

थांबले! बुडबुडे थांबले!

दुपारी दिलेल्या झोपेच्या इंजेक्शनने मेल्यासारखा झोपलो होतो, अरुणाने हलवून उठवलं. बघा बघा म्हणत रडत होती, हसत होती. खोकून बघा म्हणाली. खोकलो. एकही नाही. नवी सिस्टर दारातूनच म्हणाली, छान, डॉक्टरांना फोन करते, ते घरी पूजेला गेलेत, येतील. अरुणा धावतच गेली. माझा नवा शर्ट आणायचा, निखिलला घ्यायचं, उटणं लावायचं, ग्रहणाच्या आत घरी. दारातून वळून म्हणाली, मी एक गंमत केलीय, घरी गेल्यावर सांगेन, आत्ता सांगितली तर तुम्ही हसाल. किती दिवसांनी अशी लाजली! मी म्हटलं, जा, लवकर ये.

जरा वेळाने

दम लागतोय. आनंदाने असेल.

पाणी हलत नाहीये.

काचनळीत बघतोय. श्वास घेतोय, पाणी जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही एकदम थांबलं तर –

बेल दाबली. खाली दुकानात पूजा, फटाक्यांची माळ लागलीय. संपत नाही. सिस्टर कुठे आहे –

पट्टीखाली हात घातला. दोरा आहे. तोच, नायलॉनचा. पण त्यात हळदीकुंकू लागलंय. अक्षता चिकटल्यात. हे कोळणीने नाही – ही अरुणाची बोटं. नवस. गावदेवीचा दोरा म्हणून कुणीतरी दिला. जिन्यात. कोण ते – मला आता –

मी तिला सांगितलं असतं तर. एक वाक्य. पाणी हलायला हवं, एवढंच. थट्टा करत बसलो.

गाठ ओढली. आणखी आवळली. दातांपर्यंत येत नाही. लॉकरमध्ये ब्लेड –

हात धरला. थंड, ओला. चुडा वाजला. स्टुलावर बसलीय. हसतेय. रागाने नाही. पाटीत माझा शर्ट घडी करून – तो अरुणा आणायला गेली तो –

म्हणते, नको रं खोलू. आता घरा जायाचं.

ओरडायला हवा नाही. लिहिता येतं. अजून.

अरुणा येईल. पेढे घेऊन. निखिल पुढे धावत येईल. त्याला आत – नको सोडू –

तिला कळेल मग. अस्मिता सांगेल तिला. गाठ बघेल. जन्मभर – तिच्यासाठी एवढं एकच नीट लिहितो. डोळ्यांपुढे काळं – अक्षर –

अरुणा, तू दोरा बांधलास म्हणून मी गेलो असं